एकविसाव्या पानावरची छत्री

कोपऱ्यावरच्या लायब्ररीत कादंबरी वाचून झाली की एकविसाव्या पानावर खूण करायची, अशी पद्धत होती. ती कोणी पाडली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या पानावर लायब्ररीचा जांभळा शिक्का असायचा आणि शिक्क्याच्या आजूबाजूला पेन्सिलीच्या खुणा. कुणाचा त्रिकोण, कुणाचं फूल, कुणाची नुसतीच फुली. प्रेमकथा घ्या, रहस्यकथा घ्या, भुताखेतांच्या गोष्टी घ्या, नावं सगळ्यांची एकाच मुशीतली. त्यामुळे वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी जायचं आणि फुकट फेरी पडायची. ती टाळण्यासाठी ही सोय. पुस्तक हातात आलं की आधी एकविसावं पान उघडायचं, आपली खूण दिसली की मुकाट्याने परत ठेवायचं. लायब्ररीवाले काका पेन्सिलीला हरकत घेत नसत. पेन वापरणाऱ्याला मात्र नवं पुस्तक आणून द्यावं लागे.

धाकटी या लायब्ररीत नेमाने यायची, पण पुस्तक न्यायला नाही. ती स्वतः प्रेमकथा लिहायची. बाहेर तिचं नाव कव्हरवर छापलेलं असलं तरी घरात ती धाकटीच होती, कारण वरच्या मजल्यावर थोरली जाऊ होती. लायब्ररीत शिरल्यावर धाकटी काकांशी इकडचं तिकडचं बोलायची, आणि काका फोनवर गुंतले की दाराशेजारच्या मांडणीवरून आपलीच कादंबरी काढून एकविसावं पान उघडायची. या मांडणीवर काका सगळ्यांत जास्त जाणारी पुस्तकं ठेवायचे आणि बरीच वर्षं ती जवळजवळ धाकटीचीच होती.

तिथल्या खुणांमध्ये तिची एक लाडकी होती. एक छोटीशी छत्री. वळलेला दांडा, वर टोक, अगदी नीटनेटकी. धाकटीच्या प्रत्येक कादंबरीत ती होती. पुस्तक आवडलं असेल तर छत्रीवर पावसाचा एक थेंब असायचा. फारच आवडलं तर दोन. दोन थेंब धाकटीच्या एकाच कादंबरीला मिळाले होते, आणि तो दिवस तिने लग्नाच्या वाढदिवसापेक्षा जास्त लक्षात ठेवला होता. छत्रीवाली कोण असेल याचं तिने मनात चित्रही रंगवलं होतं. निवृत्त शिक्षिका असावी, एकटी राहत असावी, खिडकीत बसून वाचत असावी, चष्मा पुसत असावी. लिहिताना धाकटी अडली की या बाईला विचारायची आणि बाई नेहमी तिच्याच मनासारखं उत्तर द्यायची.

मग ती दातांची डॉक्टर आली.

म्हणजे तिचं पुस्तक आलं. दोन पेशंटच्या मधल्या वेळात म्हणे लिहिलं होतं. पहिलंच पुस्तक, आणि काकांनी ते थेट दाराशेजारच्या मांडणीवर ठेवलं, धाकटीच्या नव्या कादंबरीला खालच्या फळीवर सरकवून.

"एकदा बघा तरी," काका म्हणाले. "लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आणि सातव्या मजल्यावरची एक विधवा. लिफ्ट अडकते, ती आत, तो बाहेर. कादंबरी संपत येईपर्यंत दोघं बंद दारातूनच बोलतात. एकमेकांचं तोंडसुद्धा बघितलेलं नसतं."

"आणि याला प्रेमकथा म्हणायचं?"

"लोक म्हणतायत बुवा."

काका चहा सांगायला बाहेर गेल्याबरोबर धाकटीने ते पुस्तक ओढून काढलं. एकविसावं पान खुणांनी भरून गेलं होतं. शिक्क्याच्या डाव्या अंगाला छत्री होती. आणि छत्रीवर पाऊस पडत होता. एक नाही, दोन नाही, समासभर थेंब पडले होते, काही तर पार ओळींवर सांडले होते.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. बाकीच्या साऱ्या खुणा तिने एक वेळ सोसल्या असत्या. त्रिकोणवाली काय, ती कशालाही भुलते. पण छत्री! इतकी वर्षं जिच्यासाठी लिहिलं, जिच्या एका थेंबासाठी शेवटची प्रकरणं पुन्हा पुन्हा लिहिली, ती बाई एका दात उपटणारीवर अशी उधळली होती. नवऱ्याने दुसरं घर केल्याचं कळावं तसं तिला वाटलं, आणि नवऱ्याच्या बाबतीत तिला एवढं वाईट वाटलं असतं की नाही याची तिची तिलाच खात्री नव्हती.

घरी येऊन तिने नवऱ्याला विचारलं, "बंद दारातून कोणी प्रेमात पडतं का हो?"

"दार बंद असलं की भांडण कमी होत असेल," नवरा म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने पर्समध्ये खोडरबर टाकलं. तिचा हिशोब सरळ होता. एकविसावं पान खुणांनी भरलेलं दिसलं की लोकांना पुस्तक न्यावंसं वाटतं, कोरं दिसलं की कोणी हात लावत नाही. आधी तिने छत्री पुसली, थेंबांसकट. मग एकटी छत्रीच गेलेली दिसली तर संशय येईल म्हणून त्रिकोण पुसला, फूल पुसलं, फुल्या पुसल्या. चुरा पर्समध्येच झटकला. पान असं लख्ख झालं की जणू पुस्तक कालच छापून आलं होतं. पायऱ्या उतरताना तिला फार दिवसांनी हलकं वाटलं.

पण खुणा कशासाठी असतात हेच ती विसरली होती. तिच्या लेखी त्या टाळ्या होत्या. लायब्ररीतून स्वतः कधी पुस्तक नेलंच नव्हतं, तर दुसरं काय सुचणार?

पुढच्या खेपेला मांडणीवर ते पुस्तक नव्हतं. त्याच्या पुढच्या खेपेलाही नव्हतं. धाकटीने अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "ते लिफ्टवालं पुस्तक काढून टाकलंत वाटतं?"

"काढून टाकतोय कसला, हाताला लागेल तर शपथ," काका म्हणाले. "आलं की उभ्या उभ्या जातं. आणि गंमत बघा, वाचलेलेच लोक पुन्हा नेतायत. खूण दिसत नाही म्हणून नेतात, आणि वाचलेलं आहे हे कळलं तरी संपवल्याशिवाय परत आणत नाहीत. मी दुसरी प्रत मागवलीय."

"पण वाचलेलं पुस्तक कोणी दुसऱ्यांदा का वाचेल?"

"तेच तर. इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही."

धाकटी तोंडात मारल्यासारखी घरी आली. आपल्याच हाताने आपण त्या बाईचं पुस्तक गावभर दोनदा फिरवलं, हे तिच्या घशाखाली उतरेना. त्या आठवड्यात तिने एक ओळ लिहिली नाही. नायक दारात येऊन उभा होता, उंच, गंभीर आवाजाचा, आणि आत येऊन काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं.

पर्सची चेन थोरलीकडे बसवायला टाकली होती, ती आणायला धाकटी एका दुपारी वर गेली. थोरली शिवणकाम करायची. लोकांच्या कपड्यांच्या मापांची तिला जितकी माहिती होती तितकी त्यांच्या डॉक्टरांना नसेल. तिने धाकटीची एकही कादंबरी वाचली नव्हती. म्हणजे धाकटीला तसं वाटायचं. नवं पुस्तक आलं की धाकटी एक प्रत वर देऊन यायची आणि थोरली ती कपाटात ठेवून म्हणायची, "मला मेलीला कुठला वेळ."

दार लोटलेलंच होतं. मशीन बंद होती. थोरली कापडांच्या ढिगाला टेकून बसली होती, मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि ती पदराने डोळे पुसत होती. कव्हरवर लिफ्टचं बंद दार होतं.

"काय झालं जाऊबाई?"

थोरलीने दचकून पुस्तक मिटलं, मग तिचं तिलाच हसू आलं. "काही नाही गं. दार उघडतं ना शेवटी, तिथं दर वेळी रडू येतं."

"दर वेळी म्हणजे?"

"आधी वाचलेलं होतं. पण खूण दिसेना, म्हणून घेऊन आले. चार पानांत कळलं की वाचलेलं आहे. पण खाली ठेवेना. पडदे शिवायचे राहिलेत बघ तिकडे."

असं म्हणत थोरलीने कानामागची पेन्सिल काढली, एकविसावं पान उघडलं आणि शिक्क्याच्या डाव्या अंगाला छत्री काढायला घेतली. आधी वरचा बाक, मग टोक, मग वळलेला दांडा. धाकटी बघत राहिली. मग थोरली थेंब काढू लागली. काढतच राहिली.

ती निवृत्त शिक्षिका, ती खिडकी, तो चष्मा, सगळं धाकटीच्या डोळ्यांसमोरून निघून गेलं आणि तिथे थोरली उरली, कापडाच्या चिंध्यांत बसलेली. इतकी वर्षं आपण हिच्यासाठी लिहीत होतो! आणि ही रोज जिन्यात भेटून पाण्याच्या मोटारीबद्दल बोलत होती. धाकटीला राग आला, लाज वाटली आणि त्या दोन्हींच्या वर पुन्हा मत्सर उसळला, कारण थेंब अजून संपले नव्हते.

"तुम्ही माझी पुस्तकं वाचता," ती म्हणाली.

"सगळी." थोरलीने मान वर केली नाही. "घरातलीला शिक्का नसतो ना, मग खूण कुठे करणार? म्हणून लायब्ररीतून आणते."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"वाचलं म्हटलं की मत द्यावं लागतं. मत दिलं की एका जिन्यावरून चढणं-उतरणं अवघड होतं."

धाकटीने पर्सची नवी चेन एकदा ओढून पाहिली. पर्स घेऊन ती खाली आली.

पण मत्सर झाला की माणसाला एकदा ठेचकाळून भागत नाही. दुसऱ्याच दिवशी धाकटी लायब्ररीत गेली आणि तिने आपली दोन थेंबांची कादंबरी काढली. एकविसाव्या पानावरची छत्री तिने स्वतःच्या हाताने पुसली. हे थेंब पुसताना हात थोडा थांबला, पण पुसले. मग पुस्तक दाराशेजारच्या मांडणीवर, बरोबर थोरलीच्या नजरेच्या उंचीला ठेवलं. त्या दात उपटणारीचं दोनदा वाचते ना? मग हेही वाचेल. खाली ठेवणार नाही. पडदे राहतील.

थोरलीने पुस्तक नेलं. तिच्या हातातल्या पिशवीतून कव्हरचा कोपरा धाकटीने जिन्यात पाहिला आणि तिची संध्याकाळ गोड झाली. वरून मशीनचा आवाज येतो का याकडे तिने जिवाचा कान केला. थोडा वेळ शांत होतं. मग मशीन सुरू झाली, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत थांबली नाही.

सकाळी जिन्यात थोरली भेटली. पुस्तक पुन्हा पिशवीतच होतं.

"परत निघालात?"

"अगं, वाचलेलं निघालं. पहिल्याच पानावर कळलं."

"मग?"

"मग काय? तुझं एकदा वाचलं की पुरतं लक्षात राहतं. तो दार उघडून आत आला की पुढचं सगळं आठवतंच. दुसऱ्यांदा काय वाचायचं?" थोरलीने हे कौतुकानेच म्हटलं होतं, म्हणून ते जास्त लागलं. दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "आणि हे बघ, खोडरबराचा चुरा चेनच्या दातांत अडकतो. परवा तुझ्या पर्सचं अस्तर झटकताना मूठभर निघाला. पुन्हा चेन बिघडली तर मी बसवून देणार नाही."

एवढं बोलून ती निघून गेली. आवाजात राग नव्हता. धाकटी कठड्याला धरून उभी राहिली. कान तापले होते. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्याच दिवशी धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा लायब्ररीचं कार्ड काढलं. काकांनी भुवया उंचावल्या, पण काही विचारलं नाही. लिफ्टवाल्या पुस्तकाची दुसरी प्रत नुकतीच आली होती. ती तिने घरी नेली आणि हातात पेन्सिल घेऊनच बसली, चुका काढायला. पहिल्या प्रकरणात तिने बऱ्याच काढल्या. वाक्यं लांब होती, एका ठिकाणी मंगळवारनंतर सोमवार येत होता. तिसऱ्या प्रकरणात पेन्सिल कुठेतरी पडली. बंद दाराच्या अलीकडून तो माणूस त्या बाईला विचारतो की तुमच्याकडे उजेड आहे का, आणि ती खोटंच हो म्हणते, तिथे धाकटीने पुस्तक क्षणभर मिटलं. हे आपल्याला का सुचलं नाही, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. मग तिने ते पुन्हा उघडलं. नवरा काहीतरी विचारून गेला, तिने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवेना. दार उघडलं तेव्हा तिच्याकडे पुसायला पदरही नव्हता, तिने उशीचा अभ्रा वापरला.

परत द्यायला गेली तेव्हा काकांनी पुस्तक उघडून पाहिलं. नवी प्रत, एकविसावं पान कोरं, नुसता शिक्का.

"खूण करा की बाई," काकांनी पेन्सिल पुढे केली. "नाहीतर चुकून पुन्हा न्याल."

धाकटीने पेन्सिल हातात घेतली, शिक्क्याच्या बाजूची कोरी जागा पाहिली आणि पेन्सिल तशीच टेबलावर ठेवून दिली.

"नेईन," ती म्हणाली, आणि तिला त्या दातांच्या डॉक्टरचा पुन्हा एकदा मनापासून राग आला.