दोन कुलुपं, नऊ नावं

पंप-समितीच्या करारनाम्यावर नऊ नावं होती, आणि नऊच्या नऊ पुरुषांची. नर्सबाईंनी कागद दोनदा वाचला. महिलांचा सहभाग शेवटच्या कलमात होता: चहापाण्याची व्यवस्था. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन वस्त्यांच्या मधोमध एकच हातपंप. चार वर्षांपूर्वी त्यावरून दोन्ही वस्त्यांत गोळीबार झाला आणि पाण्याला गेलेली नर्सबाईंची लेक बादलीसकट तिथेच पडली. तेव्हा दोन्हीकडचे हे नऊ शूरवीर दाराला आतून कड्या लावून बसले होते. पलीकडची शिंपीण आणि अलीकडच्या नर्सबाई, दोघींनीच पुढे होऊन पंपाचा दांडा साखळीने जखडला आणि त्यावर दोन कुलुपं घातली. दोन्ही निघाली तरच दांडा हलायचा. एक किल्ली अलीकडे, एक पलीकडे. रोज सकाळी दोघी आल्याशिवाय कुणालाच पाणी नाही. तेव्हापासून एक गोळी सुटली नव्हती.

आता नव्या करारात म्हणे दोन्ही किल्ल्या समितीच्या अध्यक्षांकडे जाणार. अध्यक्ष म्हणजे नर्सबाईंचा सख्खा दीर. पहिल्याच भांडणात तो पलीकडच्यांचं पाणी तोडणार आणि पुन्हा कुणाची तरी लेक पडणार, हे त्या पुरत्या ओळखून होत्या.

सह्यांच्या दिवशी राजधानीतले अधिकारी पंपापाशी आले, कॅमेरे लागले.

“वहिनी, चारचौघांत तमाशा नको. किल्ली द्या,” दीर दात आवळून म्हणाला.

“नाही देत, भावजी.”

अधिकारी शिंपिणीकडे वळले.

“अगबाई, माझी तर घरीच राहिली!” ती म्हणाली. किल्लीचा दोरा तिच्या गळ्यात सगळ्यांना दिसत होता.

दिराचं टाळकं सरकलं. “हातोडा आणा! तोडा कुलुपं!”

हातोडा आला.

“आधी कुणाचं तोडताय?” नर्सबाईंनी विचारलं.

नऊ जण एकमेकांची तोंडं बघू लागले. ज्यांचं कुलूप आधी तुटेल ते संध्याकाळच्या आत बंदुका काढणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हातोडा या हातातून त्या हातात फिरला आणि शेवटी जमिनीवर ठेवला गेला.

अधिकाऱ्यांनी घाम पुसला. किल्ल्यांचं कलम खोडलं, नऊ नावांखाली दहा आणि अकरा असे आकडे घातले.

“बाई, आपलं पूर्ण नाव?”

“चार वर्षं आम्ही उघडलेल्या पंपाचं पाणी प्यायलात,” नर्सबाई म्हणाल्या, “आणि नाव आज विचारता? द्या ते पेन. माझं मी लिहिते.”