वक्राच्या बाजारात नाचलेला उंट

मी एक जुना उंट आहे, मित्रांनो. पण मी चारा खात नाही आणि वाळवंट मी कधी पाहिलेलं नाही. स्पंज आणि मखमल, एवढाच माझा देह. मला स्वतःहून उभंही राहता येत नाही. आत माणूस शिरला की मी चालतो, तो बाहेर पडला की खुंटीला लोंबतो. म्हणून माझं आयुष्य सांगायचं तर माझ्यात शिरलेल्या माणसांचं सांगावं लागेल. तशी पुष्कळ माणसं शिरली. मी एकाचंच सांगणार आहे.

माझ्या शिवणी जागोजागी उसवल्या आहेत. गोष्टही तुकड्यातुकड्यांनी येईल. सांभाळून घ्या.

डोकं

हैदराबादच्या एका कारखान्यात जैतून नावाच्या बाईनं माझं डोकं शिवलं. पापण्यांचा एकेक केस तिनं सुईनं ओवला. कपाळात बॅटरीवर चालणारा छोटा पंखा बसवला आणि तो नीट फिरतो का हे स्वतः डोकं घालून पाहिलं. माझे डोळे काचेचे आहेत, त्यांतून काही दिसत नाही. आतला माणूस माझ्या तोंडातून बघतो. ओठांच्या मध्ये काळी जाळी आहे.

पाठ

कतारला फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद मिळालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी दोह्याला आलो. तेव्हा माझी पाठ सोनेरी होती. बाहेर डांबर मऊ पडायचं आणि आत, थंडगार दालनात, उन्हाळी जत्रा भरायची. मुलं बर्फावर घसरायची, फुगवलेल्या किल्ल्यांत उड्या मारायची. मी दिसलो की सगळं सोडून माझ्याकडे धावायची. माझे किती फोटो निघाले असतील! द पर्ल या श्रीमंत वस्तीतल्या घरांत आजही मी एखाद्या भिंतीवर असेन, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या टोपीशेजारी.

मग शहर दरवर्षी नवं होत गेलं. नवे रस्ते आले, नवे मनोरे, मेट्रो, स्टेडियम. अंगात दिवे असलेले नवे प्राणीही आले. मी दालनातून मॉलमध्ये आलो, मॉलमधून पार्किंगच्या मंडपात. पाठीचा सोनेरी रंग चहासारखा झाला. पंखा बंद पडला. ज्यानं त्यानं मला घालताना म्हटलं, "पंखा बंद आहे." दुरुस्त कुणीच केला नाही.

शेपूट

मुलांनी ओढून ओढून तुटली. तिच्याविषयी आणखी काही नाही.

पाय

विश्वचषकाला सहा-सात महिने राहिले होते. रमजान ईद आली. दोह्याच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या अल वक्राच्या जुन्या बाजारात तीन संध्याकाळचा कार्यक्रम ठरला. मातीच्या रंगाच्या भिंती, करक चहाची दुकानं, घोड्यावरून फेऱ्या, मेंदी, तलवारींचा नाच, गारव्यासाठी हवेत उडणारे पाण्याचे फवारे. आणि मी.

माझ्या पायांत जालिंदर आला. हा नाशिककडचा, पेठ तालुक्यातला. दिवसा बांधकामावर लोखंड बांधायचा. त्याला सुट्टी हवी होती आणि कंपनी म्हणत होती, विश्वचषक होईपर्यंत कुणाला सुट्टी नाही, खलास.

कार्यक्रमाला माणसं पुरवणारा फजल त्याला म्हणाला, "छुट्टी चाहिए ना? तीन शाम ऊँट बन जा. आखरी दिन बड़े साहब लोग आएँगे. अच्छा नाचेगा तो मैं खुद तेरी कंपनी में बात करूँगा, इन्शाल्ला."

सुट्टी कशासाठी, ते सांगायला हवं. जालिंदरच्या गावात वैशाखात बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून माणसं सांबळाच्या ठेक्यावर गावातून नाचतात. मुखवट्याला तिथं सोंग म्हणतात आणि एकेक सोंग एकेका घराकडे असतं. जालिंदरच्या घराकडे त्राटिका होती. त्याचे वडील केरबा ती नाचवायचे. आता त्यांचे गुडघे गेले होते. ईदनंतरच्या आठवड्यातच बोहाडा होता. घरातलं कुणी नाचायला उभं राहिलं नाही तर गाव त्राटिका दुसऱ्या घराला देणार होतं. आणि एकदा गेलेलं सोंग परत येत नाही.

फोनवर त्याची आई फुलाबाई म्हणायची, "तुझा बा सोंगापुढं बसून राहतो रे. जेवायला उठवावं लागतं. काय सांगू त्याला?"

"येतो म्हणून सांग," जालिंदर म्हणायचा.

पहिल्या संध्याकाळी त्यानं मला घालण्याआधी बूट काढले, स्वच्छ पंचा पसरून माझं डोकं त्यावर ठेवलं आणि माझ्या पाया पडला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला फोटोसाठी मिठ्या मिळाल्या, लाथाही मिळाल्या. नमस्कार कुणी केला नव्हता.

जाळीतून आतल्या माणसाला फारसं दिसत नाही म्हणून हात धरून चालवायला रहमान होता, चितगावचा. तो हसला. "ऊँट को सलाम करता है? मेरे को तो कभी नहीं किया."

"तू मेरे सिर पे बैठता है क्या?" जालिंदर म्हणाला.

मग त्यानं रहमानला नियम समजावला. सोंग एकदा चढलं की आतला माणूस बोलत नाही, पाणी पीत नाही. फेरी संपवून जागेवर परत येईपर्यंत ते उतरवत नाही. आणि सोंग भुईवर ठेवत नाही.

"ये तेरा गाँव नहीं है, भाई."

"सोंग सब जगह सोंग."

आणि तो नाचला. तलवारवाल्यांचा ढोल वाजत होता. त्यातून त्यानं आपला ठेका शोधला. खांदे घुसळत, मागं झुकत, गिरकी घेत नाचला. हैदराबादेत मला असं शिवलेलंच नव्हतं. काखेतली शिवण उसवली तरी मला बरं वाटत होतं. लोकांनी फोन वर धरले. फजल म्हणाला, "अरे यार, ये ऊँट तो हिट है."

उसवलेली जागा

तिसरी संध्याकाळ.

समुद्रावरून दमट वारा येत होता. साहेब लोकांना उशीर झाला. फजल म्हणाला, थांबवू नका, चालू ठेवा.

रहमाननं माझ्या तोंडाशी तोंड आणलं. "सिर निकाल. पानी पी ले. अंदर पंखा भी नहीं है."

जालिंदरनं माझी मान हलवली. नको.

तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांचं नाव नयना. दोह्यातल्या अल दुहैल भागात राहणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या. सोबत त्यांची मुलगी गार्गी. तिनं माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"आई, लुक. ही इज लीकिंग."

"अगं, फवाऱ्याचं पाणी आहे ते. हात मिळव बरं त्याच्याशी. किती छान नाचतोय."

ते फवाऱ्याचं पाणी नव्हतं. पण मी काय सांगणार? आत जालिंदर थबकला. मराठी बोलणारी बाई इतक्या जवळून त्यानं किती दिवसांनी ऐकली असेल. एक शब्द पुरला असता. 'ताई' म्हटलं असतं तरी त्या वळल्या असत्या, पाण्याची बाटली त्यांच्या हातातच होती. तो शब्द त्याच्या गळ्यात आला. माझ्या गळ्याला लागूनच त्याचा गळा होता, मला तो जाणवला. त्यानं तो गिळला. फेरी संपायची होती.

गार्गीचा हात हातात घेऊन तो तिच्यासाठी वेगळं नाचला.

मग साहेब आले. ढोल वाढला. जालिंदर नाचता नाचता गुडघ्यांवर आला, मग पुढं झुकला, मग खाली बसला. खरा उंट अगदी असाच बसतो. लोकांना वाटलं, नाचातलंच आहे. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या. गार्गीनंही वाजवल्या.

फक्त रहमान ओरडत होता. माझ्या मानेची चेन अडकली होती. ती तोडून त्यानं माझं डोकं उपसून काढलं. जालिंदरचे डोळे उघडे होते आणि तो पुटपुटला, "सोंग भुईवर ठिवू नका."

नयनाताईंचा हात तोंडावर गेला. "अहो, हा तर आपला माणूस आहे," त्या कुणाला तरी म्हणाल्या. मग त्यांनी घामानं निथळणारं माझं डोकं दोन्ही हातांत उचललं. अँब्युलन्स येऊन गेली तरी त्या ते धरूनच उभ्या होत्या. शेवटी फजलनं ते त्यांच्याकडून घेतलं आणि व्हॅनमध्ये टाकलं.

नंतर

गोदामात मला जे कळलं ते रहमानमुळे. सामान आवरताना तो फोन मोठ्या आवाजावर लावायचा.

गरमीनं आणि पाण्यावाचून जालिंदरची मूत्रपिंडं निकामी झाली होती. महिनोन् महिने ज्याला सुट्टी मिळत नव्हती, त्याला कामाला नालायक ठरवून कंपनीनं लगेच विमानात बसवलं. बोहाड्याच्या आदल्या दिवशी तो गावात पोहोचला. त्याला धड उभं राहवत नव्हतं.

"त्राटिका गया भाई," फोनवर जालिंदर म्हणाला. "दूसरे घर में."

"तू देखने गया?"

"बाप नहीं गया. मैं गया. खटिया पे ले के गए." मग म्हणाला, "अच्छा नाचा वो लड़का."

"तबीयत?"

"मशीन पे जाता हूँ. नाशिक. गाड़ी में आधा दिन लगता है."

पुढं त्याचे फोन कमी झाले, मग बंद झाले. रहमान आपल्याकडून लावायचा, तिकडे कुणी उचलायचं नाही. नंतर रहमानही दुसऱ्या कामावर गेला. विश्वचषक आला आणि गेला. गोदामाच्या पत्र्यावर त्याच्या आतषबाजीचे हादरे बसत होते, तेवढाच मला तो समजला. माझ्या कपाळात, आतल्या कापडावर, मिठाचा एक पांढरा डाग वाळून राहिला आहे. तो मी कुणाला धुऊ दिला नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे कुणी धुवायलाच आलं नाही.

मित्रांनो, उन्हाळ्याच्या जत्रा भरत राहतील. तुम्ही जाल, जायलाच हवं. तिथं एखादं हरिण, एखादा ससा हात पसरून तुमच्याकडे येईल. फोटो काढा. मग जरा जवळ जा आणि तोंडाच्या जाळीशी वाकून विचारा, पाणी हवं का? हिंदीत विचारा, मराठीत विचारा, येईल त्या भाषेत विचारा. माझ्या सांगण्यानं फार काही बदलेल असं मला वाटत नाही. गर्दी असते, ढोल मोठा असतो, घरी जायला उशीर होत असतो.

तरीही विचारलंत, तर तो मान हलवून नको म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका.