मोटारीची ओटी

"दाबलं की मरती, सोडलं की जगती," असे म्हणत चाँदपाशाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तशी मोटार पुन्हा जागच्या जागी सुरळीत गुरगुरू लागली. मागे काळ्या धुराचा लोळ उरला. बेंबळीहून उस्मानाबादला जाताना लागणारा हा चढ ती एरवी धान्याची पोती भरून चढत असे. आज तिच्यात तीनच माणसे होती, आणि चौथे यायच्या वाटेवर अडले होते.

मागे फळ्यांवर, कडब्याच्या अंथरुणावर, चाँदपाशाची बायको खैरुनबी कळा सोसत होती. पोर आडवे आहे असे सांगून सुईणीने हात टेकले होते. आता इस्पितळ गाठण्यावाचून इलाज नव्हता. पुढे, चाँदपाशाच्या शेजारी, मोटारमालक शरणप्पांच्या पत्नी शांताक्का बसल्या होत्या. कपाळावरचे विभूतीचे पट्टे आज नेहमीपेक्षा रुंद होते. "माझं कपाळ काचंतून दिसू दे लोकांस्नी," एवढेच त्या निघताना बोलल्या होत्या.

निजामी संपून महिना उलटला होता. राज्य बदलत असल्याचे लोकांना दोनदा समजावून देण्यात आले: आधी जाणाऱ्यांच्या हत्यारांनी, मग येणाऱ्यांच्या जयजयकारात निघालेल्या हत्यारांनी. दोन्ही वेळा घरे जळाली ती गरिबांचीच. या इतिहासात सुसंगती म्हणावी ती तेवढीच. दुसऱ्या खेपेत चाँदपाशाचा धाकटा भाऊ शब्बीर तेरच्या वाटेवर मारला गेला. तो कोणाच्याच बाजूचा नव्हता. या मोटारीचा क्लीनर होता. चाँदपाशा आणि खैरुनबी वाचले, कारण शांताक्कांनी त्यांना देवघरामागच्या खोलीत ठेवले आणि विचारायला आलेल्यांना उंबऱ्यावर उभे राहून सांगितले, "आत माझा देव हाय. बघायचं तर आंघोळ करून वल्या अंगानं या." मोटार तेव्हा कडब्याच्या गंजीत दडवलेली होती. त्यानंतर ती आज प्रथमच रस्त्यावर आली होती.

चाँदपाशाने बॉनेट उघडले, पेट्रोलची नळी सोडवून फुंकली.

"पेट्रोल येतंय, अक्का. उलट जादाच जळतंय, धूर बघा किती काळा. उभी ऱ्हायली की थोड्या हवेवर भागतं तिचं. जोर लावला की दम कोंडतोय."

"मग हवा सोड की लवकर!"

"माझ्या सवतीचं कवतिक झालं असंल," मागून खैरुनबी ओरडली, "तर हिकडं बी बघा..." पुढचे शब्द कळेत बुडाले.

तेवढ्यात काठ्या घेतलेली तीन माणसे वाटेवर थबकली. एकाने चाँदपाशाकडे निरखून पाहिले. "मोटार कुणाची? डायवर कोन?"

शांताक्का खाली उतरल्या. "मोटार माझी. आन् डायवर बी माझाच. अजून काय विचारायचंय?"

विचारायचे पुष्कळ असावे; पण त्या कपाळाकडे पाहून कोणी विचारले नाही. माणसे रेंगाळत पुढे गेली.

हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडात चाँदपाशाने बोट घातले, आणि कापड हाताला लागले. ओढले तसा एक हिरवा खण बाहेर आला. आतून कुंकू लागलेले तांदूळ सांडले.

शांताक्कांचा चेहरा उतरला. "दसऱ्याला गंजीतला कडबा सारून म्या ओटी भरली तिची. तुमी दोघं जगलाव म्हणून. भाइर ठेवला तर कडब्यात हरवंल... झाकण उचललं, तोंड दिसलं, त्यात सारला."

दोन राजवटींच्या माणसांना जी मोटार अडवता आली नाही, ती कृतज्ञतेने अडवली होती.

"पोरीच्या जिवावर उठले की रं मी!"

"अक्का," चाँदपाशा बॉनेट लावत म्हणाला, "त्याच हातानं आमी जगलो. बसा बिगी."

त्याने खण सदऱ्याच्या खिशात खुपसला आणि पाय तळाशी टेकेपर्यंत दाबला. मोटार चढ चढून गेली.

दिवे लागायच्या सुमारास डॉक्टरीणबाईंनी मुलगी शांताक्कांच्या हाती दिली. घाईत दुपटे घरीच राहिले होते. नर्सने कापड मागितले, तेव्हा चाँदपाशाने खिशातला खण काढला, झटकला.

"अहो, पेट्रोलचा वास येतोय याला!"

"येऊ द्या, बाई," आडवी पडलेली खैरुनबी क्षीण आवाजात म्हणाली. "पायावरनं तरी घाला."

नर्सच्या हाती देण्याआधी चाँदपाशाने तो एकदा नाकाशी धरला. शब्बीरच्या सदऱ्याला हाच वास असे.