पाचही जणांचा जन्म एक जूनचा

अंगदची बायको आरती सकाळी नऊच्या सुमारास आली, तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. खरं सांगायचं तर युद्धाची तीच बातमी तिसऱ्यांदा वाचत होतो. वाचून काही फरक पडत नाही हे कळतं, पण दुसरं काही करता येत नसलं की मी वाचत बसतो.

मी गावच्या शाळेतला निवृत्त मास्तर, अंगद माझा विद्यार्थी. आमच्या गावातून, म्हणजे पाथर्डी तालुक्यातल्या एका लहान गावातून, पाच जण दोन वर्षांपूर्वी आखातात गेले होते. एका तेलाच्या डेपोवर टँकर भरायचं काम. देशांची नावं मी लिहीत नाही. आमच्या भागातली बरीच माणसं अजून तिकडे आहेत. हे पाच जण होते त्या देशात युद्ध नव्हतं, शेजारच्या दोन देशांत होतं. पण समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले, तसं तेल न्यायला कोणी जहाज पाठवेना. डेपोच्या टाक्या काठोकाठ भरल्या आणि काम थांबलं. विमानतळही बंद झाला. शेवटी कंपनीने कामगारांना बसमध्ये बसवून दुसऱ्या बाजूच्या देशाच्या सीमेवर पाठवलं, कारण तिथून अजून विमानं उडत होती.

एवढं आम्हाला आदल्या दिवशी कळलं होतं. आरतीने जे नवीन सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं.

बाकीचे कामगार सीमा ओलांडून गेले होते. आमच्या पाच जणांना मात्र अडवलं होतं. कामगारांच्या गर्दीतून हत्यारबंद माणसं आत शिरतील अशी त्या देशाला भीती होती, म्हणून तिथे फौज वाढवली होती आणि एकेक पासपोर्ट निरखून बघत होते. अधिकाऱ्याने आमच्या पाचांचे पासपोर्ट ओळीने मांडले. पाचही एका गावचे. पाचांचीही जन्मतारीख एक जून. तिघांचं तर सालही तेच. त्याने पासपोर्ट ठेवून घेतले आणि पाचांना पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. उद्या संध्याकाळपर्यंत खात्री पटली नाही, तर आले तिथेच परत पाठवणार होते. आणि त्या डेपोच्या आसपास आता क्षेपणास्त्रं पडायला लागली होती.

"ते म्हनत्यात, ह्ये पासपोर्ट एकाच ठिकानी बनिवल्यात," आरती म्हणाली. "गुरुजी, तारखा तुमीच लिव्हल्या ना?"

मीच लिहिल्या होत्या.

आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. पोरं कोपरगावकडे, साखर कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जन्मायची. तिथे नोंद कोण करणार? पाच-सहा वर्षांनी शाळा उघडली की आई पोराला हाताला धरून आणायची. जन्म कधीचा, असं विचारलं की सांगायची, उसात असताना झाला. साल अंदाजाने धरायचं आणि तारीख एक जून लिहायची, म्हणजे प्रवेशाला वय बरोबर भरतं, असं मला माझ्या आधीच्या मास्तरांनी शिकवलं होतं. त्या तारखेवर पुढे शाळेचा दाखला आणि त्या दाखल्यावर पासपोर्ट. यातून कोणी परक्या देशात शेडमध्ये बसेल, असं माझ्या मनात कधी आलं नाही. यायला हवं होतं का, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतो आहे.

तिकडच्या आपल्या वकिलातीतल्या माणसाने आरतीला फोनवर सांगितलं होतं की शाळेतली मूळ नोंद पाठवा. आम्ही शाळेत गेलो. अंगदची आई रतनबाई आमच्या आधीच येऊन वऱ्हांड्यात बसली होती. मुख्याध्यापिका पुष्पावती मॅडमनी जनरल रजिस्टर काढून ठेवलं होतं. ई-सेवा केंद्र चालवणारा वाल्मिक त्याचा स्कॅनर घेऊन आला होता. त्याचा धाकटा भाऊ अमृत त्या पाचांत होता.

पाच नोंदी सापडल्या. निळी शाई, डावीकडे कललेलं अक्षर, पाचही ठिकाणी माझं.

वाल्मिकने पाचही नोंदींवरून बोट फिरवलं. "ह्ये पाठिवलं तर त्यांना वाटंल, छापखाना घावला," तो म्हणाला.

मग त्यानेच तोड काढली. गुरुजींनी एका कागदावर लिहून द्यायचं की तारखा खऱ्या आहेत, आईबापांना विचारून आणि खात्री करून लिहिल्या आहेत. मॅडमनी शिक्का मारायचा. माझं काय जातंय, दोन ओळी तर लिहायच्या, असं तो म्हणाला.

मी पेन हातात घेतलं. लिहिता येईना. एका लहान गावात एका दिवशी तीन मुलं जन्मली याची खात्री तुम्ही कशी केलीत, असं त्या अधिकाऱ्याने विचारलं तर? आणि तारखा मी मनाने लिहिल्या असं कबूल केलं, तर पाचांचे पासपोर्ट खोटे ठरत होते. दोन्हीकडून पोरं अडकत होती. आणि लपवत नाही, त्याच्याही आधी मला माझी पेन्शन आठवली, चौकशी आठवली. त्याची लाज वाटून मी खाली बघत राहिलो.

रतनबाई दारात येऊन उभी राहिली. "गुरुजी, माझा अंगद थंडीत झाला. ते मला ठावं हाय आन् तुमालाबी ठावं हाय. पर त्ये सांगून पोरगं घरला येतंय का न सांगून येतंय, तेवढंच बघा."

काहीतरी करायचं म्हणून मी रजिस्टर चाळायला लागलो. अंगदच्या वर्षी एकोणीस मुलं दाखल झाली होती. त्यातल्या सतरा जणांची तारीख एक जून. त्यात मुलीही होत्या, ज्या शेजारच्या गावात नांदायला गेल्या आणि ज्यांनी पासपोर्ट कधी डोळ्यांनी पाहिला नाही. पुढच्या पानावर वाल्मिकचं नाव होतं. एक जून.

"माझीही तीच आहे," पुष्पावती मॅडम हळूच म्हणाल्या.

माझ्या पेन्शनच्या कागदांवरही तीच आहे. तेव्हा मला सुचलं, आणि सुचलेलं बोलायला नेहमीसारखाच वेळ लागला. पाच नोंदी बनावट दिसतात. पण सगळं रजिस्टर पाठवलं तर? पंधरा वर्षांतली जवळजवळ सगळी पोरं एकाच तारखेला जन्मलेली दिसली, तर कोणालाही कळेल की हे टोळीचं काम नाही, आमची रीत आहे.

"म्हंजे आख्खं गावच बोगस हाय, आसं कळवायचं," वाल्मिक म्हणाला. पण त्याने स्कॅनरची वायर बोर्डात खोचली.

त्याची पानं स्कॅन होईपर्यंत मी पत्र लिहिलं. चार कागद फाडले. शेवटी एवढंच ठेवलं: या शाळेत जन्मतारखा मी लिहीत असे. पालकांना तारीख माहीत नसे, म्हणून मी एक जून लिहिली. मुलं खरी आहेत, त्यांचे आईबाप खरे आहेत. तारीख माझी आहे.

मॅडमनी ते वाचलं. शिक्का मारण्याआधी त्या थांबल्या. याची एक प्रत पंचायत समितीला द्यावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. मी द्या म्हणालो.

एकेचाळीस पानं गेली. वकिलातीतला माणूस म्हणाला की भाषांतर करून पुढे देतो. पुढचं त्या अधिकाऱ्याच्या हातात.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा शाळेतच बसलो, कारण मोबाईलची रेंज तिथे बरी असते. अकरा वाजले, दोन वाजले. आरती दर पाच मिनिटांनी फोन उलटून बघत होती. मी ते पत्र मनात पुन्हा पुन्हा वाचत होतो. 'मी लिहिली' ऐवजी 'अंदाजे लिहिली' असं हवं होतं. किंवा पत्र पाठवायलाच नको होतं, नुसती पानं पुरली असती. साडेतीननंतर मला खात्रीच वाटायला लागली की त्यांना मी बुडवलं. वाल्मिक माझ्याकडे बघतच नव्हता.

पावणेपाचला फोन वाजला. अंगद होता. आरतीने स्पीकर लावला. बोलणं तुटत होतं. पासपोर्ट हातात मिळाले होते, पलीकडच्या बससाठी रांगेत उभे होते. दुभाष्याने पानं मोजून दाखवली, अधिकाऱ्याने प्रत्येक पानावर बोट फिरवत तारखा पाहिल्या, असं त्याने सांगितलं. पत्रामुळे सोडलं की पानांमुळे, की वकिलातीतून कोणी बोललं म्हणून, हे त्यालाही माहीत नव्हतं.

मग त्याने मला हाक मारली.

"गुरुजी, तुमचं पत्र त्यानी ठिवून घेतलं. शिक्का मारून. तुमच्यावर तर काय येनार न्हाई ना?"

मी नाही म्हणालो. ते खरं आहे का, हे मला आजही माहीत नाही.

रतनबाईने आरतीच्या हातातून फोन घेतला. अंगदशी ती बोललीच नाही. बाकीच्यांना एकेकाला फोन दे, मला आवाज ऐकू दे, एवढंच तिने सांगितलं. पहिला आवाज आला, दुसरा आला. अमृतचा आला तेव्हा वाल्मिकने तोंड फिरवलं. तिसऱ्यानंतर लाईन खरखरली. रतनबाईने फोन कानाशी घट्ट धरला, आणि चौथ्याने "मावशे, बोल की" म्हणेपर्यंत आमच्यातलं कोणी जागचं हललं नाही.