कोंडीरामचे पाय

उभी हयात शिवडीच्या गोदामात पोती वाहिलेला कोंडीराम हल्ली भिंतीचा आधार घेतल्याशिवाय उठत नव्हता. हृदयाला स्टेंट बसवल्यापासून तो कोलेस्टेरॉलची गोळी घेई. त्यातच खोकला झाला, म्हणून घोडपदेवच्या केमिस्टकडून त्याने परस्पर अँटिबायोटिक आणलं. तेव्हापासून कुणी कुटून काढल्यासारख्या मांड्या ठणकत होत्या. लघवी काळ्या चहासारखी होत होती. बायकोला, बकुळाला, त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी जावई हर्षवर्धन दार ढकलून आत घुसला. त्याच्या मारहाणीला कंटाळून लेक प्रिती माहेरी आली होती. त्याने तिला केसांना धरून फरफटत नेलं आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं.

"सोड तिला," म्हणत कोंडीराम उठला. पाय दुमडले आणि तो तिथेच कोसळला.

"म्हातारा मला मारणार," हर्षवर्धन हसला आणि त्याने सासऱ्याच्या बरगडीत लाथ घातली. मग आणखी एक. काहीतरी मोडल्याचं कोंडीरामला जाणवलं. समोर जावयाची पोटरी होती. त्याने दोन्ही हातांनी ती धरली आणि दात रुतवले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. तेवढ्यात बकुळाने तवा उचलून हर्षवर्धनच्या कोपरावर हाणला. हात लुळा पडला. मग शेजाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं.

इस्पितळात डॉक्टर आकांक्षाने समजावलं, "काका, ही गोळी लिव्हरला कोलेस्टेरॉल बनवू देत नाही. मग लिव्हर ते रक्तातून ओढून घेतं. बहुतेकांना ती सोसते, कुणाचं थोडं अंग दुखतं. पण त्या अँटिबायोटिकमुळे ती तुमच्या शरीरात साठत गेली. स्नायू फुटले आणि त्यांचा कचरा किडनीत अडकला."

जबाब घ्यायला आलेले हवालदार शामराव म्हणाले, "म्हणजे पाय जावयाने नाही मोडले?"

बकुळाने नवऱ्याचा हात दाबला. पायांचं खापरही जावयावरच फोडा, हे तिचं म्हणणं कोंडीरामला कळलं.

"पाय गोळ्यांनी गेले," तो म्हणाला. "बरगड्या त्याने मोडल्या. पोरीचं डोकं त्याने फोडलं. चावलो मी. तसंच लिहा."

सलाइनवर किडनी सावरली. ती गोळी बंद झाली. हृदयासाठी दुसरं औषध सुरू झालं, त्याचीही त्याला धास्ती वाटे. हर्षवर्धन कोठडीत होता.

घरी परतल्यावर प्रिती त्याला धरून गॅलरीत चालवू लागली. तिच्या कपाळावर टाके होते.

"बाबा, मी परत जाणार नाही."

"पाठवतंय कोण तुला," कोंडीराम म्हणाला आणि दम खात कठड्याला टेकला.