धीर द्यायचा न्हाई

आमच्या मालकांना घाटाचं भ्या बसलं, तवापासनं माझ्या घराची पार रया गेली. मालक म्हंजी माझा नवरा, सूर्यभान. पाथर्डी-नगर लायनीवर जीप चालवायचे. दिवाळीनंतर करंजीच्या घाटात ब्रेक लागंना, तवा त्यांनी डोकं शाबूत ठिऊन जीप डोंगराला घासून थांबवली. कुनाला खरचटलं बी न्हाई. पुढं ब्रेक दुरुस्त झाला, मानूस मातर झाला न्हाई. घाटाचं नाव काढलं तरी तळहाताला घाम फुटायचा.

जीप दारात आन् नवरा घरात. नवरा दिवसभर घरात असला की काय हुतं, ते बाईमानसालाच इचारा. डाळीत पानी किती घालायचं ते मला शिकवाय लागले. ते पन मी सोसलं असतं. पन जेवताना मधीच हात थांबायचा आन् दारातल्या जीपकडं बघत बसायचे. एक दिवस म्हनाले, गुढीपाडव्याला जीप फैयाजला देऊन टाकतो. फैयाज लायनीवरचाच ड्रायव्हर, त्यांचा जिवाचा दोस्त. मला भडभडून आलं. जीप गेली की हा मानूस पन हातचा गेला, एवढं मला कळत हुतं.

म्हनून इलाज सुरू केले. मनाचे डॉक्टर नगरला, आन् मधी घाट. मग घाटाच्या भ्याचा इलाज कराय आमी शेवगाववरनं वळसा घालून येष्टीनं जायचो. लोक हसले, हसू द्या.

पयल्या डॉक्टरांनी ब्रेकचा इषयच काढला न्हाई. लहानपनात शिरले. आई कशी हुती, कधी मारलं का, बापाचं भ्या वाटायचं का. मालक जे बोलाय लागले ते थांबंनात. काही खेपांनी त्यांना उमगलं की आपन आईचं लई मन दुखवलंय. रडून मोकळे झाले, तोंडावर तेज आलं, आन् धाकट्या दिराकडनं सासूबाईंना घरी घिऊन आले. भ्या हुतं तिथंच, सासूबाई तेवढ्या वाढल्या. खोटं कशाला बोलू, माय-लेकरांचं त्या इलाजानं भलं झालं. माझं काय झालं ते कुनी इचारलं न्हाई.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, मनात वाईट इचार आला की त्याला पुरावा मागायचा. ब्रेक परत फेल हुनार, तर पुरावा काय? इलाज शहाना हुता. मालकांना झोप लागाय लागली. पन घाटाच्या पायथ्याला गेलं की पाय मातर पुरावा ऐकंनात. वर हे पुरावा मला मागाय लागले. मी म्हनलं भाजीत मीठ बरोबर हाय, तर पुरावा काय? तेल संपलं, तर पुरावा काय? मी रिकामा डबा त्यांच्या डोक्यावर उपडा केला. मग परत इचारलं न्हाई.

तिसरी सबिहा मॅडम, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं पयलं हेच इचारलं, की आलात कुठनं? मालक म्हनाले, शेवगाववरनं. तिनं पेन खाली ठेवलं.

"मग काका, इलाज तर तुम्ही रस्त्यातच सोडून आलात."

तिचं म्हननं असं, की टाळलं की भीती माजते. थोडंथोडं करत घाटाजवळ जायचं. भीती आली की पळायचं न्हाई, ती उतरंस्तोवर तिथंच थांबायचं. असल्या भीतीला हा इलाज जास्त लागू पडतो, पन सगळ्यांनाच पडतो असं न्हाई, हे पन तिनं आधीच सांगितलं. मग माझ्याकडं वळली. म्हनाली, काकू, तुम्ही धीर द्यायचा नाही, 'काही होत नाही' म्हणायचं नाही, शेजारी गप्प बसायचं. मला गप्प बसवनारा इलाज हाय म्हनल्यावर सासूबाईंना मॅडम लगेच आवडल्या.

आधी नुसतं पायथ्याला उभं ऱ्हायलो. मग फैयाजच्या जीपमधी बसून वर-खाली केलं. मालक घामानं भिजायचे, मी तोंडात पदर कोंबून बसायची. शेवटची पायरी ऱ्हायली ती पाडव्याच्या आदल्या दिवसावर. आपली जीप, रिकामी, शेजारी फकस्त मी.

पन करंजीला मानसं उभी हुती. आमच्या लायनीत हात केलेलं मानूस सोडून जात न्हाईत. मालकांच्या तोंडातनं न्हाई निघंना. उलट सवयीनं म्हनाले, सरका, अजून एक बसंल. जीप गच्च भरली.

घाटात जिथं ब्रेक लागला नव्हता, त्याच वळनावर मालकांनी जीप कडंला घेतली आन् स्टेरिंगला डोकं टेकलं. झालं, जीपभर डॉक्टर उठले. मागं बसलेले पुंजारामबाबा म्हनाले देवाचं नाव घे. एक बाई कांदा फोडून नाकाशी धराय लागली. एक जन म्हनं, मी चालवतो, तुमी मागं बसा. आन् सगळे मिळून, काय हुत न्हाई, काय हुत न्हाई. माझा ताबा सुटला.

"गप बसा समदे! कुनी धीर द्यायचा न्हाई. निवांत भिऊ द्या त्यांना!"

मालकांचा श्वास तेवढा ऐकू येत हुता. लई येळ गेला. माझं काळीज पिळवटत हुतं, पन मी हात बी लावला न्हाई. मग त्यांनी डोकं उचललं, तोंड पुसलं आन् गिअर टाकला.

नगरच्या स्टँडवर फैयाज भेटला. मालक त्याला एवढंच म्हनाले, "जीप देत न्हाई." फैयाजनं त्यांना कवळ्यातच घेतलं. मी तिथंच उभ्याउभ्या रडले.

परत निघालो. इतके महिने मी त्यांच्याच तोंडाकडं बघत आले हुते. आता उतार लागला आन् पयल्यांदाच समोर घाट बघितला. खाली दरी, आन् जीप खाली खाली चाललेली. मी पुढची दांडी दोनी हातांनी गच्च धरली.

"अवो, मला उतरवा. मी चालत येते."

मालकांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. "बस. भी निवांत. मी धीर देनार न्हाई."

आन् खरंच, करंजी येईस्तोवर एक शब्द बोलले न्हाईत. जीप मातर लई हळू घेतली.