तारेवर उशिरा चढलेली चिठ्ठी

मी बिलं खोचायची एक जुनी तार आहे, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, तारेला कसलं आलंय आयुष्य! पण ऐकून तर घ्या. दप्तरं शिवणाऱ्या एका आजोबांनी छत्रीची काडी सरळ करून, खाली लाकडाचा ठोकळा लावून मला घडवलं. सुयांचं पाकीट आणलं तरी त्याचं बिल माझ्यावर चढायचं. "कागद गेला की पैसा दोनदा गेला," असं ते म्हणायचे.

आजोबा गेले आणि धंदा मुलाकडे आला. मुलगा हाताचा कसबी, पण हिशेब म्हटला की अंगावर काटा. माझी रवानगी घरातल्या दारामागच्या फळीवर झाली, वर पुसायची फडकी टाकली गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बिलं तो चुरगाळून खिशात कोंबायचा. दप्तराचा भाव नजरेनंच ठरायचा: कापड, चेन आणि वर थोडा नफा. दोरा, बकलं, वीज त्याच्या गावीही नसायची. गिऱ्हाइकानं घासाघीस केली की तो थोडा नफाही सोडायचा. दुकानात गर्दी मात्र मावत नव्हती.

मग कर भरायची वेळ आली. कर सल्लागार म्हणाला, "खर्चाचे कागद नसतील तर उत्पन्नातून खर्च वजा कसा करू? अख्ख्या विक्रीवर कर बसेल."

मुलगा घरी आला. बायकोला म्हणाला, "तुझं मशीन विकावं लागेल." त्याच मशीनवर ती रोज दप्तरांचे पट्टे शिवायची.

ती उठली, फडकी बाजूला केली आणि मला त्याच्यासमोर ठेवलं. माझ्यावर वर्षभराची बिलं होती. कपडे धुण्याआधी त्याच्या खिशातून काढून, हातानं सरळ करून तिनं एकेक खोचली होती.

"तुझ्या बाबांनी लावलेली सवय मोडवेना मला," ती म्हणाली.

कर आटोक्यात आला, मशीन वाचलं. मग दोघांनी त्याच बिलांवरून एका दप्तराचा खर्च काढला. तीनशेला विकलेलं दप्तर दोनशे साठला पडत होतं.

"चाळीस सुटतात की," तो खुशीत म्हणाला.

"त्यात माझे पट्टे कुठं धरलेत?" तिनं शांतपणे विचारलं. "आणि तुझी शिलाई?"

इतक्या वर्षांत हे आपल्याला सुचलंही नाही, याची त्याला लाज वाटली. मग त्यानं कागदाचा तुकडा घेतला, त्यावर लिहिलं, 'पट्ट्यांची मजुरी, एका दप्तराला पन्नास', आणि तो माझ्यावर खोचला. "उत्पन्नातून वजा होवो न होवो, भावात धरायचीच," तो म्हणाला. भाव वाढला तेव्हा काही गिऱ्हाइकं कुरकुरत निघून गेली, पण बरीचशी टिकली.

मित्रांनो, कागद जपा. आणि भाव ठरवताना घरच्या माणसाचे हात फुकटात धरू नका. माझ्यावर हजारो बिलं चढली, पण त्या चिठ्ठीइतकी उशिरा आलेली एकही नव्हती.